पाणी ८५ अंशांवर, आणि तरीही सगळं रिप्रोड्युसिबल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गटात पाच जण आहेत. नदीत तीन ठिकाणी सेन्सर आहेत आणि ते दर पंधरा मिनिटांनी पाण्याचं तापमान, विद्युतवाहकता आणि गढूळपणा नोंदवतात. हाताने घेतलेल्या नमुन्यांची एक एक्सेल फाईल आहे. पाणीपातळीचे कॅमेऱ्याचे फोटोही आहेत, त्यामुळे सगळं मिळून ४० जीबी भरतं. मागच्या महिन्यात पँडास या पायथनमधल्या डेटा हाताळायच्या लायब्ररीवर लिहिलेली तीच स्क्रिप्ट सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर चालवली, तर महिन्याच्या सरासऱ्या वेगळ्या आल्या. गाईड म्हणाले, "एखादं नीट फ्रेमवर्क बसवा." आता तुमच्यापुढे डीव्हीसी, ग्रेट एक्स्पेक्टेशन्स, स्नेकमेक, नेक्स्टफ्लो आणि डॉकर अशी यादी आहे, आणि त्यातलं कुठलं घ्यावं असं तुम्ही विचारताय.

ही साधनं एकमेकांना पर्याय नाहीत. डीव्हीसी डेटाच्या आवृत्त्या सांभाळतं, ग्रेट एक्स्पेक्टेशन्स आकडे तपासतं, स्नेकमेक आणि नेक्स्टफ्लो कामाच्या पायऱ्या क्रमाने चालवतात, आणि डॉकर भोवतालचं सॉफ्टवेअर गोठवतं. तुमच्या अडचणीतही दोन प्रश्न गुंतलेत. एक, हा आकडा खरा आहे का? दुसरा, हाच आकडा पुन्हा येईल का, म्हणजे काम रिप्रोड्युसिबल आहे का? यादीतली बहुतेक साधनं दुसऱ्या प्रश्नासाठी आहेत, आणि पहिला प्रश्न त्यांच्यामागे लपून जातो. माझ्या बाबतीत तो चांगला दीड वर्ष लपला होता.

गेली चौदा वर्षं मी संशोधन गटांचा डेटा आणि कोड सांभाळते. त्यातल्या एका गटाचे सेन्सरही पाण्यातच होते, डीएस१८बी२० जातीचे, सौर पॅनेलवर चालणाऱ्या, नोंदी साठवणाऱ्या लॉगरला जोडलेले. कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये, म्हणजे सगळ्या आवृत्त्यांसकट बंद केलेल्या डब्यात, आणि एका कमांडवर कच्च्या फायलींपासून आलेखांपर्यंत सगळं तयार. तीन वेगळ्या मशीनवर शेवटच्या दशांशापर्यंत तेच उत्तर यायचं आणि आम्हाला त्याचं फार कौतुक होतं. निष्कर्ष असा निघत होता की ढगाळ दिवसांत पाणी किंचित जास्त गरम असतं. ढगांमुळे रात्री उष्णता अडकत असावी, असा सिद्धांतही बैठकीत रचून झाला होता.

एक दिवस सेन्सर बसवणाऱ्या तंत्रज्ञाने सहज कच्ची फाईल उघडली आणि विचारलं, "हे ८५ इथे काय करतायत?" हा सेन्सर सुरू झाल्यावर पहिलं मोजमाप पुरं व्हायच्या आत वाचला, तर ८५ अंश सांगतो. तो त्याचा सुरुवातीचा ठरलेला आकडा आहे, पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. ढगाळ दिवशी बॅटरी उतरायची, लॉगर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, आणि दर वेळी एक ८५ नोंदला जायचा. दिवसाच्या ९६ नोंदी, पाणी २५ अंशांवर, आणि त्यात एकच ८५ घुसला, की दिवसाची सरासरी ०.६ अंशांनी वर जाते. तार सुटली की आमच्या लायब्ररीकडून येणारा उणे १२७ आम्ही आधीच गाळला होता, कारण तो डोळ्यांत खुपतो. ८५ सुटला, कारण तपासणीचा पल्ला होता ० ते १००, म्हणजे पाणी द्रवरूप असतं तेवढा. तपासणी होती, फक्त ती नदी ओळखणाऱ्या माणसाने लिहिलेली नव्हती. मी लिहिली होती.

म्हणून तुम्हाला माझं उत्तर असं आहे: आधी तपासण्या, मग एका कमांडवर चालणारी पाइपलाइन, म्हणजे ओळीने लावलेल्या पायऱ्या, मग सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, आणि डेटाच्या आवृत्त्यांचं मोठं साधन शेवटी, तेही गरज पडली तर.

हा क्रम सगळ्यांना जसाच्या तसा लागू नाही. माणसांच्या आरोग्याचा डेटा असता तर परवानग्या आणि कोण काय पाहू शकतो हे सगळ्यात आधी आलं असतं. टेराबाइटमध्ये डेटा असता आणि क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, काम चालत असतं, तर नेक्स्टफ्लोसारखं साधन पहिल्या दिवसापासून घ्या म्हटलं असतं. गटात सगळे पायथनऐवजी आर ही भाषा वापरत असते तर नावं बदलली असती. आणि तुमच्यानंतर हे सगळं कोण चालवणार, यावरही बरंच ठरतं. एकट्या माणसाने हौसेने उभारलेलं देखणं फ्रेमवर्क तो पीएचडी संपवून गेल्यावर सहा महिन्यांत बंद पडलेलं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

तपासण्यांआधी एक छोटं काम. कच्च्या डेटाचं फोल्डर फक्त वाचता येईल असं करा. लॉगरवरून उतरवलेली फाईल त्यात गेली की तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाईलमधलं एक अक्षर बदललं तरी बदलणारा ठसा) एका यादीत लिहा आणि त्यानंतर तिला कुणी हात लावायचा नाही. दुरुस्त्या कोडमधून करायच्या. फाईल एक्सेलमध्ये उघडून "फक्त एकच आकडा नीट केला" असं म्हणत सेव्ह करणं तर अजिबात नको. एक्सेल विचारल्याशिवाय काय काय बदलतं याचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला जनुकशास्त्रातला आहे. तिथे सेप्ट२, मार्च१ अशी जनुकांची नावं होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. २०१६ मध्ये नामवंत नियतकालिकांतल्या शोधनिबंधांसोबतच्या एक्सेल याद्या तपासल्या, तेव्हा सुमारे एक पंचमांश निबंधांत ही चूक सापडली. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. माणसांची सवय बदलेना, तर जनुकांनी माघार घेतली.

तुमच्या एक्सेल फाईलमध्ये जनुकं नाहीत, पण तारखा आहेत. एक्सेलमध्ये तारखा मोजायच्या दोन पद्धती आहेत, एक १९०० पासूनची आणि एक १९०४ पासूनची, आणि त्यांच्यात १,४६२ दिवसांचा फरक आहे. एका पद्धतीच्या फाईलमधून दुसरीत तारखा चिकटवल्या तर त्या चार वर्षं आणि एक दिवस इतक्या सरकू शकतात. नमुन्यांची तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, मजकूर म्हणून लिहायची सवय सगळ्यांना लावा. ०३/०४ हा तीन एप्रिल की चार मार्च, हे दोन वर्षांनी लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

आता तपासण्या. इथे घाई करू नका. सेन्सर बसवणारा, बॅटरी बदलणारा, प्रत्यक्ष नदीवर जाणारा जो कुणी असेल त्याच्यासोबत दोन तास बसा. लॅपटॉप बंद ठेवा, कागद घ्या आणि प्रत्येक रकान्यासाठी एकच प्रश्न विचारा: हा आकडा किती आला तर तुम्ही हातातलं काम सोडून नदीवर जाल? उत्तरं भराभर लिहून घ्या. "उन्हाळ्यात वरच्या ठिकाणी ३२ च्या वर गेला तर सेन्सर उघडा पडलाय." "गढूळपणा आठवडाभर हळूहळू चढत गेला तर भिंगावर शेवाळ आलंय, पाणी गढूळ नाहीये." असलं ज्ञान मॅन्युअलमध्ये मिळत नाही आणि कुठलंही साधन ते तुमच्याऐवजी गोळा करून देत नाही. त्या एका कागदात तुमची निम्मी डेटा-गुणवत्ता आहे.

एकटा तापमानाचा रकाना घेऊन दाखवते. पहिली तपासणी पल्ल्याची, पण प्रत्येक ठिकाणाचा आणि प्रत्येक महिन्याचा पल्ला वेगळा. दुसरी, ठरावीक आकड्यांना मनाई: ८५, उणे १२७, आणि काही लॉगर "नोंद नाही" यासाठी वापरतात तो उणे ९९९९. तिसरी उडीची. पंधरा मिनिटांत पाणी तीन अंशांनी तापलं तर एकतर वरून काही सोडलंय किंवा सेन्सर हवेत आलाय. चौथी, आकडा गोठलाय का. तोच आकडा तासन्‌तास आला तर संशय घ्यायचा. पण इथे जरा जपून: हा सेन्सर त्याच्या सगळ्यात बारीक मोजणीतही ०.०६२५ अंशांच्या पायऱ्यांनी मोजतो, त्यामुळे खोल, संथ पाण्यात पहाटे दोन-तीन तास तोच आकडा येणं अगदी खरं असू शकतं. आम्ही ही मर्यादा आधी एक तास ठेवली होती. रोज सकाळी इशाऱ्यांचा ढीग पडायचा, आणि दोन आठवड्यांत सगळ्यांनी तो पाहणं सोडून दिलं.

पाचवी तपासणी आकड्यांची नाही, ओळींची आहे, आणि माझी सगळ्यात लाडकी आहे. एका सेन्सरच्या एका दिवसाच्या ओळी ९६ असायला हव्यात. ९० आल्या तर दीड तासाची नोंद हरवलीय. १९२ आल्या तर तीच फाईल दोनदा जोडली गेलीय. आणि वर्षातून एकदा ९२ आणि एकदा १०० आल्या, तर लॉगरचं घड्याळ उन्हाळी-हिवाळी वेळेप्रमाणे पुढे-मागे होतंय. लॉगर यूटीसीवर, म्हणजे वर्षभर न बदलणाऱ्या जागतिक वेळेवर, लावा आणि हा विषय कायमचा मिटवा. ओळी मोजायची सवय किती मोलाची आहे, हे ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये दिसलं. प्रयोगशाळांकडून आलेले कोविडचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये भरले जात होते. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून आणि संपर्क शोधण्याच्या यादीतून सुटले. आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या ओळी जुळवणारी एक तपासणी तिथे पुरली असती.

वाहकतेच्या रकान्यात एककाची तपासणी हवीच. मायक्रोसीमेन्स आणि मिलिसीमेन्स यांत हजारपटीचा फरक आहे आणि काही उपकरणं आकडा मोठा झाला की एकक आपोआप बदलतात. शिवाय हा आकडा २५ अंशांना जुळवून घेतलेला आहे की जसाच्या तसा, हे रकान्याच्या नावातच लिहा. गढूळपणाबद्दल मी कमी बोलते, तो सेन्सर माझ्या हातातून फारसा गेलेला नाही.

आणखी एक खोच पँडासची. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) वाचताना रोमन लिपीतली "एन" आणि "ए" ही दोन अक्षरं रकान्यात एकटी दिसली, की पँडास ती जागा रिकामी समजतो. देशांच्या दोन अक्षरी संकेतांमध्ये नामिबियाचा संकेत नेमका तोच आहे, त्यामुळे कितीतरी जणांच्या तक्त्यांतून तो देश गुपचूप गायब झालाय. तुमच्या एखाद्या ठिकाणाला किंवा नमुना घेणाऱ्याच्या आद्याक्षरांना हा संकेत दिला असेल, तर वाचतानाच "कीप डिफॉल्ट एनए" हा पर्याय बंद करा आणि रिकाम्या जागेसाठी काय लिहायचं ते स्वतः ठरवा.

तपासणीत आकडा नापास झाला तर काय करायचं, यावर गटात वाद होईल. माझा नियम असा: ओळ पुसायची नाही, शेजारी खुणेचा रकाना ठेवायचा. ठीक, शंकास्पद किंवा बाद यांपैकी एक, आणि पुढे कारण. विश्लेषण करताना काय गाळलं ते मग कोडमध्ये एका ओळीत दिसतं आणि परीक्षकाने विचारलं तर दाखवता येतं. पाइपलाइन पूर्ण थांबवणाऱ्या तपासण्या दहाच्या आत ठेवा: रकाना गायब, तारीख भविष्यातली, ओळी दुप्पट, अशा. बाकी सगळ्यांनी फक्त खूण करावी. प्रत्येक बारीक गोष्टीला पाइपलाइन थांबू लागली की लोक तपासणीच बंद करतात, आणि ते कुणी कमिटच्या, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या नोंदीच्या, संदेशात लिहीत नाही.

साधन म्हणाल तर तुम्ही पायथनमध्ये आहात, पँडेरा घ्या. रकान्यांची अपेक्षा डेटाफ्रेमच्या, म्हणजे पँडासमधल्या तक्त्याच्या, शेजारीच, साध्या कोडमध्ये लिहिता येते. त्यातला लेझी पर्याय चालू केलात तर पहिल्या चुकीला न थांबता सगळ्या चुका एकदम मिळतात. ग्रेट एक्स्पेक्टेशन्स वाईट नाही, पण ते डेटाबेस, रोजची आवक आणि वेगवेगळ्या टीम असलेल्या जागेसाठी बेतलेलं आहे. त्याची मांडामांड तुमच्या पाच जणांना जड जाईल, आणि १.० आवृत्तीत रचना इतकी बदलली की जुनी ट्युटोरियल्स समोर ठेवून बसलात तर डोकं फिरेल. आरमध्ये असता तर पॉइंटब्लँक सुचवलं असतं. डेटा दुसऱ्या गटाला द्यायची वेळ आली की फ्रिक्शनलेसचा टेबल स्कीमा पाहा. सीएसव्हीच्या शेजारी एक छोटी फाईल राहते, तिच्यात प्रत्येक रकान्याचा प्रकार आणि मर्यादा असतात, आणि ती कुठल्याही भाषेतून वाचता येते.

आता तुमच्या दुसऱ्या लॅपटॉपवरच्या वेगळ्या सरासरीकडे वळू. यासाठी फ्रेमवर्क बसवायची वाट पाहू नका, एका दुपारचं काम आहे. स्क्रिप्टच्या प्रत्येक पायरीनंतर चार गोष्टी छापा: ओळींची संख्या, किमान, कमाल आणि बेरीज. दोन्ही लॅपटॉपवर चालवा, दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि वरून खाली वाचत या. पहिला फरक जिथे दिसेल तिथेच थांबा. शेवटच्या सरासरीकडे बघत डोकं खाजवण्यात लोक आठवडे घालवतात, कारण सगळ्यांची नजर तिथेच असते. शेवटच्या एक-दोन दशांशांत फरक असेल तर तो मनावर घेऊ नका. बेरजेचा क्रम बदलला की संगणकाच्या दशांश गणितात तेवढं हलतं. म्हणूनच मधल्या निकालांची तुलना चेकसमने न करता थोडी सूट ठेवून करायची.

संशयित दोन आहेत. पहिला, फायलींचा क्रम. फोल्डरमधल्या सगळ्या फायली एकदम वाचायला आपण ग्लॉब वापरतो, आणि ग्लॉब फायली कुठल्या क्रमाने देईल याची काहीच हमी नसते. विंडोजवर एक क्रम, लिनक्सवर दुसरा. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांना एका प्रसिद्ध रसायनशास्त्रीय पायथन स्क्रिप्टमध्ये नेमकं हेच सापडलं. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की उत्तर बदलत होतं, आणि ती स्क्रिप्ट तोवर कितीतरी कामांत वापरली गेली होती. उपाय एका शब्दाचा आहे, ग्लॉबभोवती "सॉर्टेड" लावा. तुम्ही फायली जोडताना दुहेरी नोंदींपैकी "शेवटची ठेवा" असं केलं असेल, तर क्रम बदलल्यावर ठेवलेली नोंदही बदलते.

दुसरा संशयित माझ्या मते जास्त दाट आहे: दोन लॅपटॉपवर पँडासच्या वेगळ्या आवृत्त्या. पँडास २.० च्या आधी तारखांचा साचा सांगितला नसेल, तर प्रत्येक तारखेचा अंदाज स्वतंत्र लावला जायचा. १३/०१ म्हणजे तेरा जानेवारी, कारण तेरावा महिना नसतो. पण त्याच रकान्यातलं १२/०१ मात्र एक डिसेंबर. २.० पासून पहिल्या तारखेवरून साचा ठरतो आणि तोच सगळ्या रकान्याला लागतो. म्हणजे तुमची पहिली तारीख १३/०१ असेल तर नव्या आवृत्तीत सगळं नीट वाचलं जाईल आणि जुन्या आवृत्तीत महिन्याचे पहिले बारा दिवस भलत्याच महिन्यांत जाऊन बसतील. महिन्याच्या सरासऱ्या हलणारच. आरवाल्यांनीही हसू नये. आर ३.६.० मध्ये यादृच्छिक नमुने निवडणाऱ्या सॅम्पल फंक्शनची पद्धत बदलली, तेव्हापासून तेच सीड (निवडीचा सुरुवातीचा आकडा) देऊनही, जुनी पद्धत मुद्दाम निवडल्याशिवाय, जुने नमुने मिळत नाहीत.

इथून पाइपलाइनचं साधन आणि आवृत्त्या गोठवण्याचं काम अर्थपूर्ण वाटायला लागतं. पायऱ्यांसाठी स्नेकमेक घ्या. प्रत्येक नियमात आत काय जातं, बाहेर काय येतं आणि मध्ये कुठली स्क्रिप्ट, एवढंच लिहायचं असतं. बदललेल्या पायरीपासून पुढचंच काम ते पुन्हा करतं. कल्पना नवी नाही, मेक हे साधन १९७६ पासून हेच करतंय. तुमच्या पायऱ्या चारच असतील तर चार ओळींची शेल स्क्रिप्टही चालेल, त्यात कमीपणा नाही. कसोटी एवढीच: निकालांचं अख्खं फोल्डर पुसा आणि एका कमांडवर ते परत उभं राहतंय का बघा. ज्युपिटरसारखी नोटबुक, जिथे कोड कप्प्याकप्प्याने चालतो आणि निकाल खालीच दिसतो, बघायला, चाचपून पाहायला उत्तम, पण अंतिम आकडे त्यातून काढू नका. त्यातले कप्पे वरखाली कुठल्याही क्रमाने चालवता येतात आणि तो क्रम नंतर कुणालाच आठवत नाही. २०१९ च्या एका अभ्यासात गिटहबवरची लाखो ज्युपिटर नोटबुक पुन्हा चालवून पाहिली होती. विनाचूक चालली सुमारे २४ टक्के, आणि आधीचाच निकाल दिला जेमतेम ४ टक्क्यांनी.

आवृत्त्यांसाठी लॉकफाईल करा. ती युव्ही किंवा कोंडा-लॉक या साधनांनी होते, आरमध्ये आरएन्व्हने. नुसती लायब्ररींची नावं लिहिलेली यादी म्हणजे लॉकफाईल नाही. नेमकी आवृत्ती हवी, आणि त्या लायब्ररी ज्यांवर उभ्या आहेत त्यांचीही हवी. हार्वर्डच्या डेटाव्हर्स या संशोधन-डेटाच्या संग्रहात जमा केलेल्या आरच्या फायली तपासणारा एक अभ्यास २०२२ मध्ये आला. ७४ टक्के फायली पहिल्या चालवणीत अडल्या. नेहमीच्या चुका आपोआप दुरुस्त करून पाहिल्यावरही ५६ टक्के अडल्याच. न सापडणारी लायब्ररी आणि एकाच माणसाच्या लॅपटॉपवर असणारा फोल्डरचा पत्ता, ही असल्या अडण्याची नेहमीची कारणं.

डॉकरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. लोक डॉकरफाईल लिहितात आणि आपण सगळं गोठवलं असं समजतात. डॉकरफाईल ही कृती आहे. पुढच्या वर्षी त्याच कृतीतून बांधणी केली आणि तिच्यात आवृत्त्या नेमून दिल्या नसतील, तर त्या दिवशीच्या ताज्या आवृत्त्या येतील. गोठलेली असते ती बांधून ठेवलेली इमेज, तेव्हा जपायची ती. तुम्हाला आत्ता लॉकफाईल पुरेशी आहे. क्लस्टरवर जाल तेव्हा अ‍ॅप्टेनर हे कंटेनर चालवणारं दुसरं साधन बघा, सामायिक मशीनवर डॉकर चालवायला प्रशासक सहसा तयार नसतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

राहिली डीव्हीसी. तुमच्या ४० जीबीपैकी जवळजवळ सगळे फोटो आहेत. आकड्यांचा हिशेब करा: एका ठिकाणच्या वर्षाच्या ओळी ३५,०४०, तिन्ही मिळून १,०५,१२०. हे काही एमबी होतं, सरळ गिटमध्ये ठेवा. फोटो एकदा काढले की बदलत नाहीत, त्यामुळे त्यांना वर्षाचं फक्त वाचता येणारं फोल्डर, चेकसमची यादी आणि दोन ठिकाणी प्रत एवढं पुरतं. उद्या फोटोंवर हाताने खुणा करून मॉडेल शिकवायला घेतलंत आणि त्या खुणा दर आठवड्याला बदलू लागल्या, तर मग डीव्हीसी किंवा तसंच काम करणारं डेटालॅड. डीव्हीसी गिटमध्ये एक छोटी मजकूर फाईल ठेवतं, तिच्यात मूळ डेटाचा हॅश (चेकसमसारखाच ठसा) असतो, आणि खरा डेटा दुसऱ्या साठवणुकीत जातो. म्हणजे दोन ठिकाणी ढकलायची शिस्त लागते. आमच्याकडे एकाने गिटचा पुश केला, डीव्हीसीचा विसरला आणि सुट्टीवर गेला. बाकी सगळ्यांकडे त्या डेटाचा पत्ता होता, डेटा नव्हता.

शोधनिबंध निघेल तेव्हा वापरलेला नेमका डेटा झेनोडो या ऑनलाइन संग्रहावर ठेवा. ते सर्न या युरोपीय अणुसंशोधन केंद्रात चालतं, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा देतं, म्हणजे तुमचं सगळं बसेल. प्रत्येक आवृत्तीला तिचा स्वतंत्र डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, मिळतो. निबंधात त्या विशिष्ट आवृत्तीचा डीओआय द्या, सगळ्या आवृत्त्यांचा मिळून जो एक सामायिक डीओआय असतो तो नको. तो नेहमी ताज्या आवृत्तीकडे नेतो.

गाईडना काय सांगायचं? पहिल्या आठवड्यात कच्चं फोल्डर बंद आणि दोन लॅपटॉपमधल्या फरकाचा छडा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तंत्रज्ञासोबतचा तो कागद आणि त्यावरून पँडेराच्या तपासण्या. चौथ्यात स्नेकमेक आणि लॉकफाईल. मग गटातल्या, या कोडला कधी हात न लावलेल्या माणसाला त्याच्या लॅपटॉपवर सगळं चालवायला बसवा. तुम्ही शेजारी बसा, पण तोंड उघडायचं नाही. तो जिथे जिथे अडेल ते लिहून घ्या, तेवढ्याच जागा रीडमी फाईलमध्ये भरायच्या राहिल्यात. त्यांना फ्रेमवर्कचं नावच हवं असेल तर "पँडेरा आणि स्नेकमेक" असं सांगा, खोटं होणार नाही.

पहिला फरक कुठल्या पायरीवर सापडला ते मात्र नक्की लिहा. मी तारखांवर पैज लावते. आणि चालवता चालवता तापमानाच्या रकान्यात ८५ शोधून बघा.